वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन : रोबोटसाठी अडीच लाख जास्त घालावेत का?

धायरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६७ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं म्हणून तपासणी केली, तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा, ११ निघाला. बायोप्सीत कॅन्सर आला, ग्लीसन ३+४, म्हणजे मध्यम तीव्रतेचा. एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आतच दिसते, हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, रोबोटनंच करा. दुसरे म्हणाले, मी ओपन करतो, निकाल तोच येईल. दोन एस्टिमेटमध्ये फरक अडीच लाखांचा. ताई लिहितात, "आईनं पाटल्या काढून ठेवल्यात. रोबोटचा खरंच एवढा फायदा असेल तर मोडू. पण मशीन मध्येच बंद पडलं तर? आणि बाबांना आम्ही कॅन्सर आहे असं सांगितलेलं नाही. लघवीच्या गाठीचं ऑपरेशन आहे, एवढंच त्यांना माहीत आहे."

ताई, पाटल्या सध्या कपाटातच राहू द्या. मोडूच नका असं मी म्हणत नाही. पण ते ठरवण्याआधी ज्या गोष्टी कळायला हव्यात, त्या तुम्हाला अजून कोणी नीट सांगितलेल्या दिसत नाहीत.

मी पुण्यात तेवीस वर्षं कॅन्सरची ऑपरेशनं करतोय. पहिली बरीच वर्षं पोट उघडून, मग दुर्बिणीनं, आणि गेली दहा-बारा वर्षं रोबोटनंही. आजही आठवड्यात तिन्ही प्रकार होतात. त्यामुळे रोबोटची भलामण करण्यात किंवा त्याला नावं ठेवण्यात मला रस नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की रोबोटचा उपयोग कॅन्सर कोणत्या अवयवात आहे आणि मशीनवर कोण बसलंय यावर ठरतो. काही अवयवांत तो फार मोलाचा आहे, काहींत खर्च वाढण्यापलीकडे काही होत नाही, आणि एका ठिकाणी तर मी तो वापरणं पूर्ण थांबवलं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ओपीडीत दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, "डॉक्टर, ऑपरेशन तुम्ही करणार की रोबोट?" रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. पेशंटच्या पोटावर आठ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, आणि त्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. बाहेर ती मशीनच्या हातांना जोडलेली असतात. मी त्याच खोलीत, टेबलापासून दोन-तीन मीटरवर एका कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो. माझी बोटं जशी वळतील तशी आतली हत्यारं वळतात. मी कन्सोलमधून डोकं बाहेर काढलं की ती जागच्या जागी थांबतात. टेबलाशी माझा असिस्टंट आणि सिस्टर सतत उभे असतात. हत्यार बदलणं, रक्त ओढून घेणं, कापलेला भाग पिशवीत भरणं ही कामं त्यांचीच.

मग फायदा काय? साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हत्यार म्हणजे लांब सरळ काठी असते. बाहेर हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं, आणि मनगट नसतं. अशा काठीनं अरुंद जागेत टाके घालणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं. ते माझ्या मनगटापेक्षाही जास्त वळतं. चित्र त्रिमितीय आणि साधारण दहापट मोठं दिसतं. हाताची बारीक थरथर मशीन गाळून टाकतं. त्यामुळे खोल, अरुंद जागेत बारीक शिवणकाम करायचं असेल तर रोबोटची सर दुसऱ्या कशाला येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मूत्रपिंडाचं. मागच्या पावसाळ्यात हडपसरकडच्या एका गृहस्थांची चार सेंटिमीटरची गाठ काढली. वय ४६, मधुमेह जुना, म्हणजे पुढची तीस वर्षं दोन्ही मूत्रपिंडं लागणार. अशा वेळी अख्खं मूत्रपिंड काढून टाकणं सोपं असतं, पण बरोबर नसतं. गाठ तेवढी काढायची आणि उरलेलं शिवायचं. त्यासाठी मूत्रपिंडाची धमनी चिमट्यानं बंद करावी लागते. चिमटा बसला की आमची सिस्टर घड्याळ लावते आणि मोठ्यानं मिनिटं सांगत राहते. तांबूस मूत्रपिंड डोळ्यांसमोर फिकट पडत जातं. साधारण पंचवीस मिनिटांच्या आत रक्त परत सोडायला हवं, नाहीतर जो भाग वाचवायला निघालो तोच कायमचा दुखावतो. तेवढ्यात गाठ भोवतालच्या पातळ निरोगी थरासकट कापायची, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या शिवायच्या, लघवीची पोकळी उघडली असेल तर ती बंद करायची, आणि वरून दुसरा थर ओढून घ्यायचा. त्या दिवशी सिस्टरनं "सतरा" म्हटलं तेव्हा चिमटा सुटला होता आणि रंग परत येत होता. हेच काम ओपनमध्येही उत्तम होतं, पण त्यासाठी बरगडीखालून लांब चीर द्यावी लागते, आणि ती जखम महिनोन्‌महिने ठणकते. साध्या दुर्बिणीनं हे करणारे कसबी सर्जन आहेत, पण थोडे. म्हणून लहान गाठीसाठी मूत्रपिंड वाचवायचं असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी न कचरता रोबोट सुचवतो.

आता तुमच्या वडिलांचं. प्रोस्टेट अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, पुढच्या हाडामागे, ओटीपोटाच्या अगदी तळाशी. समोर शिरांचं जाळं, मागे गुदाशय, आणि दोन्ही बाजूंना कोळिष्टकासारख्या पातळ नसा, ज्यांच्यावर पुरुषाची लैंगिक ताठरता अवलंबून असते. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय खाली ओढून मूत्रनलिकेला गोल शिवायचं. जागा अशी अडचणीची, की रोबोट या ऑपरेशनसाठीच बनवला असावा असं वाटतं. अमेरिकेत २००० साली दा विंची नावाच्या रोबोटला परवानगी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत जगभर तो सर्वात जास्त वापरला गेला तो याच ऑपरेशनसाठी.

तरीही दोन्हींची सरळ तुलना केली तेव्हा काय दिसलं? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून एका गटाचं ऑपरेशन ओपन केलं, दुसऱ्याचं रोबोटनं. पहिले निकाल २०१६ मध्ये आले, दोन वर्षांनंतरचे २०१८ मध्ये. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच निघाली. रोबोटच्या गटात रक्त बरंच कमी गेलं आणि माणसं लवकर घरी गेली. या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओपन करणाऱ्या सर्जनच्या हातून आधी दीड हजारांहून जास्त ऑपरेशनं झालेली होती, रोबोटवाल्याची साधारण दोनशे. म्हणजे मुरलेला ओपनचा हात आणि त्याहून खूप तरुण असलेला रोबोटचा हात शेवटी बरोबरीत आले. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. रोबोटमुळे कमी अनुभवाचा सर्जनही चांगल्या निकालापर्यंत लवकर पोचू शकतो. आणि चांगला ओपन सर्जन मिळत असेल, तर पैसे नाहीत म्हणून ओपन केलं याची खंत आयुष्यभर बाळगायचं कारण नाही.

प्रत्यक्षात तुमच्या घरात फरक दिसेल तो असा. रोबोटनंतर वडील बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतील, ओपननंतर चार-पाच दिवस धरा. रक्त चढवावं लागण्याची शक्यता रोबोटमध्ये बरीच कमी. लघवीची नळी दोन्हीकडे साधारण आठवडा-दहा दिवस. नळी काढल्यावर लघवी गळेल, दोन्हीकडे गळेल. खोकला आला, खाली वाकले, रिक्षातून उतरले की थोडी सांडेल. पॅड लावावे लागतील. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत आटोक्यात येतं, काहींना वर्ष लागतं, आणि थोड्यांना कायम राहतं. "रोबोटमुळे लघवीचा त्रास होणारच नाही" असं कोणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही. लैंगिक क्षमतेचंही तसंच. आधी कशी होती, वय किती, मधुमेह आहे का, आणि गाठ नसांच्या किती जवळ आहे, यावर ते ठरतं. गाठ नसेला चिकटलेली असेल तर नस काढावीच लागते, मग हातात काहीही असो.

आता जिथे मी रोबोट बाजूला ठेवला ते सांगतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. २०१६ साली भोर भागातल्या एका एकेचाळीस वर्षांच्या बाईंचं ऑपरेशन मी रोबोटनं केलं. गाठ लहान होती, काम स्वच्छ झालं, तिसऱ्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. चौदा महिन्यांनी कॅन्सर योनीमार्गाच्या वरच्या टोकाला परत आला. त्या वेळी मी ते नशिबावर घातलं. मग २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणाऱ्या स्त्रिया ओपनच्या गटात ९६.५ टक्के, आणि दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असणाऱ्या ९९ टक्के आणि ९३.८ टक्के. सगळ्यांना वाटत होतं दोन्ही सारखेच निघतील. त्या गटात बहुतेक ऑपरेशनं साध्या दुर्बिणीची होती, रोबोटची साधारण सहातलं एक, म्हणून काहीजण अजून वाद घालतात. मी घालत नाही. गर्भाशय हलवण्यासाठी आत घातलेलं हत्यार, भरलेला गॅस, आणि योनीमार्ग कापताना गाठीच्या पेशी पोटात सांडणं, यांपैकी नेमकं काय नडलं याचे अंदाज आहेत. त्या बाईंच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन मी पोट उघडूनच करतो, आणि पेशंटनं रोबोटचा आग्रह धरला तर वरचे आकडे समोर ठेवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही फेब्रुवारी २०१९ मध्ये स्तन काढण्याच्या आणि इतर कॅन्सरच्या ऑपरेशनांत रोबोट वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली होती.

घोळ होऊ नये म्हणून सांगतो, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा. तिथे छोट्या छिद्रांतून केलेलं ऑपरेशन सुरक्षित ठरलंय. हा कॅन्सर बऱ्याचदा स्थूल स्त्रियांत दिसतो. शंभर किलोच्या बाईच्या पोटावरची मोठी जखम चिघळते, उघडते, नंतर हर्निया होतो, हे सगळं मी पाहिलंय. त्यांच्यासाठी रोबोट खरोखर वरदान आहे. एकाच अवयवाच्या दोन भागांना दोन वेगळी उत्तरं आहेत, म्हणून "गर्भपिशवीचा कॅन्सर आहे, रोबोटनं करू का?" एवढ्या प्रश्नाला मी कधीच उत्तर देत नाही. बायोप्सीचा कागद मागतो.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये चित्र हळूहळू रोबोटच्या बाजूनं झुकतंय. २०१७ च्या एका अभ्यासात ४७१ रुग्ण होते. छिद्रांतून चाललेलं काम सोडून पोट उघडायची वेळ रोबोटमध्ये ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के लोकांवर आली. हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढा लहान होता. नंतर २०२२ मध्ये चीनमधल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ४ टक्के आणि दुर्बिणीत ७.२ टक्के निघालं. पुरुषाचं अरुंद ओटीपोट, खाली बसलेली गाठ, वर पोटाचा घेर, असा पेशंट असेल तर मला रोबोट हवासा वाटतो. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाला मात्र साधी दुर्बीण पुरेशी आहे. मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनात कॅन्सरच्या दृष्टीनं ओपन आणि रोबोट सारखेच ठरले. २०१८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन वर्षं कॅन्सर न वाढलेले रुग्ण रोबोटमध्ये ७२.३ टक्के, ओपनमध्ये ७१.६.

आपल्याकडे पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा तोंडाचा कॅन्सर या चर्चेत कोणी आणत नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांमुळे आपल्या भागात तो बहुधा गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीवर होतो. तिथे तोंड उघडलं की गाठ समोरच दिसते, जबड्याचा भाग काढावा लागतो, मांस-कातडी आणून भरावी लागते. रोबोटचं तिथे काहीच काम नाही. त्याचा उपयोग जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये असलेल्या लहान गाठीसाठी, जिथे हात पोचत नाही. खेड्यातून आलेलं एखादं कुटुंब गालाच्या कॅन्सरसाठी "रोबोटवालं हॉस्पिटल" शोधत आठवडे घालवतं तेव्हा वाईट वाटतं. तेवढ्यात गाठ वाढलेली असते. अंडाशयाचा पोटभर पसरलेला कॅन्सरही तसाच. तिथे पोट मोठं उघडून, यकृताच्या मागेपर्यंत हात घालून प्रत्येक कण शोधावा लागतो.

हात म्हटल्यावर स्पर्शाचं आलंच. ओपनमध्ये बोटाला गाठ कळते, शीर धडधडते ते कळतं. आज आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक रोबोटमध्ये हा स्पर्श पोचत नाही. शिकत असताना माझे कितीतरी धागे तुटले, कारण किती ओढतोय हेच कळत नसे. मग डोळ्यांना सवय लागते. टाका आवळताना धाग्याखालचा मांसल भाग पांढुरका व्हायला लागला की थांबायचं, दोरा चकाकायला लागला की ढिला सोडायचा. डोळ्यांनी स्पर्श करायला शिकावं लागतं, आणि त्याला शे-दोनशे ऑपरेशनं जातात. २०२४ पासून अमेरिकेत आलेल्या नव्या दा विंचीत ताण जाणवण्याची सोय आहे, पण ती इकडे सर्रास व्हायला वेळ लागेल.

मशीन बंद पडलं तर? क्वचित पडतं. माझ्या हातून एकदा असं झालं. संध्याकाळची वेळ, प्रोस्टेट जवळजवळ सुटलेली, आणि एक हात पुन्हा पुन्हा चूक दाखवायला लागला. दोनदा चालू करून पाहिलं, ऐकेना. हत्यारं बाहेर काढली, मशीन मागे सरकवलं, आणि उरलेलं काम त्याच छिद्रांतून साध्या दुर्बिणीनं संपवलं. पाऊण तास जास्त लागला. पेशंट ठीक होते. यासाठी टीमनं सराव केलेला असतो. मशीनपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती अचानक होणाऱ्या रक्तस्रावाची, कारण तेव्हा दोन-तीन मिनिटांत पोट उघडून हातानं शीर धरता आली पाहिजे. म्हणून सर्जनला विचारा, "ओपन करायची वेळ आली तर तुम्हीच कराल ना?" फक्त रोबोटवर शिकलेली नवी पिढी येते आहे, तेव्हा हा प्रश्न दिवसेंदिवस जास्त महत्त्वाचा होणार आहे.

रोबोटनं प्रोस्टेट काढताना पेशंटला तीन-चार तास डोकं खाली, पाय वर अशा तिरक्या अवस्थेत ठेवतात, पोटात गॅस भरलेला असतो, आणि पूर्ण भूल लागते. डोळ्यांतला दाब वाढतो, फुफ्फुसांवर ओझं येतं, चेहरा सुजतो. वडिलांना काचबिंदू आहे का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या आणि भूलतज्ज्ञांना सांगा. हृदय कमजोर असेल, दमा जुना असेल, पोटाचं आधी मोठं ऑपरेशन होऊन आतडी चिकटलेली असतील, तर कधीकधी ओपन हाच जास्त सुरक्षित मार्ग ठरतो. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसांची तपासणी मी तरी नीट करून घेईन.

पैशांचं. मशीनच दहा कोटींच्या पुढे जातं, वर दरवर्षी देखभालीचा मोठा करार. शिवाय प्रत्येक हत्याराला ठरावीक वेळाच वापरता येतं. मशीन स्वतः मोजतं, आणि मोजणी संपली की हत्यार चांगलं दिसत असलं तरी ते चालू होत नाही. हा सगळा भार बिलात येतो. गुरुग्रामच्या कंपनीचा एसएसआय मंत्र हा देशी रोबोट आता काही ठिकाणी आहे, त्यामुळे पुढे दर उतरतील अशी आशा आहे. वडिलांची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर ती काढून वाचा. विमा नियामकानं २०१९ मध्ये ठरवलं, की कंपनीला रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येणार नाही. पण तिच्यावर मर्यादा घालता येते. पाच लाखांची पॉलिसी असून रोबोटपुरते अडीच लाखच मिळाले, असं दर महिन्याला कोणाचं तरी होतं. डिपॉझिट भरण्याआधी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे पाहणाऱ्या संस्थेकडून, लेखी घ्या. महात्मा फुले योजनेत करायचा विचार असेल, तर रोबोटचा वेगळा खर्च त्यात बसतो का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि हे पैसे कुठून येणार आहेत, तेही पाहा. कॅन्सरचा खर्च ऑपरेशनवर संपत नाही. नंतर पीएसए वाढला तर रेडिएशन लागेल, हार्मोनची इंजेक्शनं लागतील, तपासण्या वर्षानुवर्षं चालतील. वडील लवकर घरी यावेत म्हणून आईच्या पाटल्या मोडल्या आणि पुढचं रेडिएशन पैशाअभावी लांबलं, असं व्हायला नको. माझ्या मते घरात आधीच पैसा बाजूला असेल, किंवा पॉलिसी देत असेल, तर अनुभवी हाताचा रोबोट घ्या. पाटल्याच मोडाव्या लागणार असतील, तर त्या दुसऱ्या डॉक्टरांना भेटून विचारा, की अशी ओपन ऑपरेशनं वर्षाला किती करता, कडेला कॅन्सर उरल्याचं प्रमाण तुमच्याकडे किती, वर्षानंतर किती लोक अजून पॅड लावतात. रोबोटवाल्या डॉक्टरांनाही हेच विचारा, आणि कन्सोलवर स्वतः बसणार का तेही. उत्तर देताना जो डॉक्टर आकडे सांगतो आणि चिडत नाही, त्याच्याकडे जा. ओपन असो वा रोबोट.

एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो मीच काढतो. रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटलात का? वडिलांच्या रिपोर्टला रेडिएशन हाही बरोबरीचा उपचार आहे. हल्ली तो वीस सेशनमध्ये होतो, बरोबर काही महिने हार्मोनची इंजेक्शनं. पोटाला छिद्र नाही, नळी नाही, लघवी गळण्याचा त्रास कमी. मात्र शौचाच्या तक्रारी, लघवीची जळजळ आणि इंजेक्शनांमुळे येणारा थकवा हे त्याचे त्रास. रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणता, म्हणजे मार्ग आधीच अरुंद असेल, तर ऑपरेशनचं पारडं थोडं जड होतं. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना नुसती देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत ठेवून पंधरा वर्षं पाहिलं, तर तिन्ही गटांत साधारण ९७ टक्के लोक प्रोस्टेट कॅन्सरनं गेले नाहीत. त्यातले बरेच तुमच्या वडिलांपेक्षा सौम्य आजाराचे होते, म्हणून नुसती देखरेख मी त्यांना सुचवणार नाही. पण त्यातून एवढं नक्की कळतं, की येत्या सोमवारीच ऑपरेशन झालं पाहिजे अशी घाई नाही. तीन-चार आठवडे घ्या. बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घ्या.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेलं. ताई, वडिलांना सांगा. तुम्ही मायेनं लपवताय हे मला कळतं, रोज असे मुलगे-मुली मला दाराबाहेर गाठून "बाबांसमोर बोलू नका" म्हणतात. पण वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी कोणाच्या शरीराच्या आहेत? लघवी सहा महिने गळलेली चालेल, की रेडिएशनसाठी महिनाभर धायरीहून ये-जा चालेल? लैंगिक आयुष्य त्यांच्यासाठी अजून महत्त्वाचं आहे का? हे तुम्ही त्यांना विचारू शकत नाही, मी विचारू शकतो, पण त्यांना आजार माहीत असेल तरच. शिवाय संमतीपत्रावर सही त्यांची लागते आणि त्यावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर ते वाचायला मिळणं, हे आजच्या सांगण्यापेक्षा फार कठोर आहे.

सांगताना तुम्ही एकट्या सांगू नका. त्यांना ज्या डॉक्टरांचा विश्वास वाटतो त्यांच्या समोर, आईला घेऊन, निवांत वेळ मागून बसा. "गाठ कॅन्सरची आहे, बाहेर पसरलेली नाही, उपचार आहे" या तीन वाक्यांत सुरुवात होते. मग थोडं थांबायचं, त्यांना बोलू द्यायचं. तीसेक वर्षं एसटीची इंजिनं उघडून परत बसवलेल्या माणसाला हत्यार कोणतं आणि ते चालवणारा कोण, यातला फरक माझ्यापेक्षा लवकर कळेल. मशीनबद्दलचे प्रश्न तर तेच सगळ्यात चांगले विचारतील. एमआरआयची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि पॉलिसीची प्रत बरोबर ठेवा, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्यांना बसवा.